रजेत केलेली कामं

जर्मनीतल्या त्या बाईंना मी पहिल्यांदा थेट फोन केला, तेव्हा त्या कुठल्याशा तळ्याकाठी होत्या. फोनमध्ये मुलांचे पाण्यात उड्या मारण्याचे आवाज येत होते. मी शिरवळच्या कारखान्यात, क्वालिटीच्या काचेच्या केबिनमध्ये होतो, आणि माझ्या खुर्चीमागे आमचे प्लांटचे साहेब उभे होते. फोन स्पीकरवर ठेवा, असं त्यांनी हातानेच खुणावलं होतं.

आमचा कारखाना व्हॉल्व्ह बनवतो. पूर्वी तो पुण्यातल्या एका कुटुंबाचा होता, मग जर्मनीतल्या कंपनीने विकत घेतला. मालक बदलले, बोर्ड बदलला, कॅन्टीनमधल्या खुर्च्या बदलल्या. मी मात्र पूर्वीसारखाच साताऱ्याहून कंपनीच्या बसने जात राहिलो. सकाळी खंबाटकीच्या बोगद्यातून जायचं आणि संध्याकाळी घाट चढून परत यायचं.

त्या ऑगस्टमध्ये एका रबरी सीलचा पुरवठादार बदलला होता. नवं सील चाचणीत चांगलं उतरलं होतं, पण ते वापरायला जर्मनीच्या डिझाइन विभागाची मंजुरी लागायची आणि ती या बाई द्यायच्या. मी मेल केली. क्षणात उत्तर आलं. आपोआप जाणारं उत्तर होतं ते: मी रजेवर आहे, तीन आठवड्यांनी परत येईन, तोवर मेल वाचणार नाही. खाली त्यांच्या जागी काम बघणाऱ्या गृहस्थांचं नाव होतं. त्यांना लिहिलं, तर ते म्हणाले, हा निर्णय त्यांचाच आहे, त्या आल्यावर बघू.

साहेब म्हणाले, "आल्यावर म्हणजे काय? लाइन बंद ठेवायची का? नंबर शोधा आणि फोन लावा."

मी लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या सीलमुळे कुणाच्या जिवाला धोका आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग मी परत आल्यावर बघते. तुमचा दिवस चांगला जावो."

आवाजात राग नव्हता. चुकीचा नंबर लागलेल्या माणसाशी आपण बोलतो, तसं त्या बोलल्या. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तळ्याकाठी पाय सोडून बसलोय.

जुन्या सीलचा साठा संपला आणि ती लाइन अकरा दिवस बंद राहिली. अकरा दिवस रोज सकाळी साडेनऊच्या बैठकीत मी उभा राहून सांगायचो की मंजुरी आलेली नाही, आणि साहेब रोज विचारायचे की मग तुम्ही काय केलंत. एका सकाळी मी म्हणालो, "सर, त्या रजेवर आहेत, मी काय करणार?" यावर एका खात्याचा प्रमुख हसला. त्या दिवशी बसमधून परत येताना मला त्या बाईंचा मनापासून राग आला होता. हातातलं काम सोडून माणूस तीन आठवडे जातोच कसा, त्याला झोप कशी लागते, हेच मला कळत नव्हतं.

त्याच काळात माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं.

आबा कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावी राहतात. सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि द्राक्षबागेत रमले. आई गेल्यानंतर तिथंच राहायचं म्हणून हट्टाने राहिले. दोन्ही गुडघे झिजले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची वाटी बदलायला सांगितली होती. पहिली तारीख मी ऑडिट आलं म्हणून बदलली, दुसरी मोठी ऑर्डर निघायची होती म्हणून. दोन्ही वेळा आबा फोनवर एवढंच म्हणाले, "तुला जमंल तवा बघू." आणि दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

डिसेंबरात तिसरी तारीख मिळाली. मी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. पगारी रजा, आमच्याकडे तिला पीएल म्हणतात, माझ्या खात्यावर भरपूर साठलेली होती. दर मार्चला त्यातली काही वाया जायची.

"दहा?" साहेब म्हणाले. "सलग दहा?"

"सर, वडिलांचं ऑपरेशन आहे. शिल्लक आहे माझी."

"शिल्लक सगळ्यांचीच असते. मी गेल्या चार वर्षांत सलग तीन दिवस घेतलेले नाहीत."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला आठवलं, पाहुण्यांच्या एका लग्नात हेच वाक्य मीही सांगितलं होतं, फरक एवढाच, की वर्षं मी सहा सांगितली होती. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या.

शेवटी साहेबांनी सही केली. "जा. वडिलांकडे बघायलाच हवं. फक्त लॅपटॉप बरोबर ठेवा आणि फोन चालू ठेवा. बाकी काही त्रास देणार नाही आम्ही."

मिरजेला धाकटा भाऊ माझ्या आधीच पोहोचला होता. कुपवाडला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. त्याला पगारी रजा हा शब्दच लागू होत नाही, मशीन थांबलं की सगळंच थांबतं. तरी तीन दिवस शटर ओढून तो आला होता. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आबांना आत नेलं आणि वीसेक मिनिटांत माझा फोन वाजला. गुजरातमधल्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, व्हॉल्व्ह गळतोय म्हणून. आवाज नीट यावा म्हणून मी जिन्यात गेलो. मग दुसरा फोन, मग तिघांचा एकत्र फोन. मी जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन जुने टेस्ट रिपोर्ट शोधत बसलो. येणारे जाणारे मला वळसा घालून जात होते.

परत वर आलो तर बाक रिकामा होता. डॉक्टर बाहेर येऊन सगळं सांगून गेले होते. आबांना खोलीत आणलं होतं. भाऊ त्यांच्या उशाशी उभा राहून ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत होता.

"शुद्धीवर आल्या आल्या तुला विचारत हुते," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"खाली औषधं आणायला गेलाय म्हणलं."

एवढंच. तो पुन्हा कापूस ओला करायला वळला. मला काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. जर्मनीबरोबर त्याच गळक्या व्हॉल्व्हबद्दल व्हिडिओ बैठक आहे, फक्त अर्धा तास, तुम्ही असलात तर बरं. मी आबांच्या खोलीतच खिडकीजवळ खुर्ची ओढली. मागे फिजिओथेरपीवाल्या ताई त्यांना वॉकर धरून पहिली पावलं टाकायला लावत होत्या. "आबा, टाच टेका. हां, अजून एक." मी आवाज बंद ठेवला होता. पण माझी बोलायची पाळी आली आणि तो सुरू करावा लागला. चुकून कॅमेराही सुरू झाला.

पडद्यावर त्याच बाई होत्या. त्या बघत राहिल्या आणि मध्येच मला थांबवून म्हणाल्या, "माफ करा, तुम्ही कुठे आहात?"

"मिरजेत. हॉस्पिटलमध्ये. वडिलांचं ऑपरेशन झालंय."

"म्हणजे तुम्ही रजेवर आहात?"

मी उत्तर द्यायच्या आत साहेब हसून म्हणाले, "ते आमचे फार जुने माणूस आहेत. आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं."

बाई म्हणाल्या, "ही बैठक आपण पुढच्या आठवड्यात घेऊ. तुम्ही वडिलांकडे जा." आणि त्यांचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला.

खोटं कशाला बोलू, मला छातीत हलकं वाटलं. कुणीतरी मला मोठ्यांदा सांगितलं होतं की जा. ते हलकेपण दोन मिनिटं टिकलं. साहेबांचा फोन आला.

"कॅमेरा सुरू करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चुकून झाला, सर."

"त्यांच्यासमोर आपली काय अब्रू राहिली? त्यांना वाटणार, इथं माणसांना दावणीला बांधून ठेवलंय. आता माहिती तर द्यावीच लागणार आहे. ती आज संध्याकाळपर्यंत मला पाठवा, मी पुढे देतो."

मी ती पाठवली. तिथेच, त्याच खुर्चीत बसून. फरक एवढाच झाला, की आधी ते काम अर्ध्या तासाचं होतं, ते आता तीन तासांचं झालं, कारण बोलून सांगायचं ते सगळं लिहून काढावं लागलं.

आबा पलंगावर पडून बघत होते. म्हणाले, "कोन बाई हुती रं ती?"

"जर्मनीतल्या साहेब आहेत."

"काय म्हनत हुती?"

"म्हणाल्या, रजेवर असताना काम करू नका. वडिलांकडे जा."

"मग तू काय करतूयास?"

मी टाइप करत राहिलो. मग आबाच सांगायला लागले. "आमच्यात रजा पास करताना लय नाचवायचे. म्हैना म्हैना अर्ज पडून ऱ्हायचा. सायेब म्हनायचा, तू गेल्यावर हितं कोन बघनार. पर एकदा गेट सोडलं की सोडलं. माघारी बोलवायचं तर तार यायची, आन तार लडाई लागल्याबिगर येत न्हवती. एकदाच आली मला. तुज्या बारशाच्या आदल्या दिशी."

"आवं आबा, सैन्यात आणि प्रायव्हेटमध्ये फरक असतो."

"आसंल," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी त्यांच्यावर चिडलो होतो. हॉस्पिटलच्या खोलीत, तीन दिवसांपूर्वी गुडघा कापलेल्या माणसावर. चीड साहेबांची होती, ती काढायला जागा नव्हती म्हणून ती आबांवर निघाली. दहा दिवसांच्या त्या रजेत मी किती कामं केली याची मी पुढे एकदा यादी केली होती. तीन रिपोर्ट, एक उत्तरपत्र, रोजचे दोन-तीन फोन. तरी हजेरीच्या रजिस्टरात ते दहाही दिवस माझ्या रजेतून वजा झाले. मी मनुष्यबळ विभागात जाऊन विचारलं, यातले चार दिवस तरी परत मिळतील का. तिथला माणूस चांगला होता. त्याने समजुतीने सांगितलं, "सर, तुम्ही गेटमधून आत आलेला नव्हता. पंचिंग नाही."

बाईंनी गप्प बसायला हवं होतं असं मला पुढे वाटलं, कारण त्यांनी वर तक्रार केली. चांगल्या हेतूनेच केली. जर्मनीहून पत्र आलं, की भारतातल्या शाखेत रजेचा मान राखला जात नाही, त्याबद्दल कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षण ठरलं. आठवड्यात लाइन थांबवता येत नाही म्हणून ते रविवारी ठेवलं.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आम्ही सगळे साताऱ्याहून बसने शिरवळला गेलो. पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर डोंगर, समुद्र आणि मुलाला खांद्यावर घेतलेला बाप दाखवला. विश्रांती घेतलेला माणूस जास्त चांगलं काम करतो, असं त्या सांगत होत्या. माझ्या शेजारी बसलेला असेंब्लीचा सुपरवायझर पुटपुटला, "आज पोरीचं स्नेहसंमेलन होतं माझ्या." आभार साहेबांनी मानले. शेवटी नवा नियम सांगितला गेला: रजेवर जाणाऱ्याने आपोआप जाणारं उत्तर लावलंच पाहिजे. मजकूर सगळ्यांचा सारखा असावा म्हणून तो वरूनच दिला होता. मी रजेवर आहे, तातडीचं काम असल्यास माझ्या मोबाइलवर संपर्क करावा.

मार्चमध्ये बाई स्वतः शिरवळला आल्या. उंच, पन्नाशीच्या, केस पांढरे ठेवलेले. कारखाना दाखवायचं काम माझ्याकडे होतं. कॅन्टीनमध्ये जेवताना त्यांनी सगळ्यात आधी आबांची चौकशी केली. मी सांगितलं, आता काठी घेऊन बागेच्या बांधापर्यंत जातात. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "मला एक कळत नाही. तुम्ही रजा घेता आणि तरी काम करता. नाही का म्हणत नाही?"

इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. मी म्हणालो, "माझ्या जागी काम करायला कुणी नाही म्हणून."

"कुणी का नाही?"

"आमच्या खात्यात पाच माणसं होती. आता आम्ही दोघं आहोत. तीन जागा भरायला मंजुरी हवी, ती तुमच्याकडून यायची आहे. दोन वर्षं झाली मागून."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "माझ्याकडून नाही. तो वेगळा विभाग आहे."

"तुमच्या देशातूनच यायची आहे," मी म्हणालो. "ऑगस्टमध्ये तुम्ही सगळे जाता, तेव्हा तुमची निम्मी कामं आमच्याकडे येतात. तुमच्या इमारतीत दिवे बंद असतात तेव्हा आम्ही जादा पाळी करतो. तुम्ही रजा घ्या, जरूर घ्या. पण मला विचारू नका की मी का घेत नाही."

आयुष्यात कुठल्याही साहेबाशी मी असं बोललो नव्हतो. बाईंचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि माझ्या हातात ते नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. त्यांनी ताटातली भेंडी संपवली, मी ताक प्यायलो. दुपारी आम्ही पुन्हा व्हॉल्व्हवर बोललो. जाताना त्यांनी हात मिळवला आणि जागांबद्दल वर लिहीन म्हणाल्या. लिहिलंही असेल. एक जागा मंजूर झाली, पुण्याच्या ऑफिसात.

इथवर सांगताना मी स्वतःला सोसणाऱ्यांच्या बाजूला ठेवत आलोय, पण ते पूर्ण खरं नाही.

आमच्या खात्यातली ती दुसरी व्यक्ती म्हणजे माझी सहकारी, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. शिरवळजवळच्या, खंडाळा तालुक्यातल्याच एका गावची. एप्रिलमध्ये गावच्या जत्रेसाठी तिने तीन दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी एका जुन्या तपासणीचा तक्ता मागितला. माझा हात फोनकडे गेला आणि मी तिला फोन लावला. विचार असा केलाच नाही. दुसऱ्या रिंगला तिने उचलला. मागे हलगी वाजत होती, बायका मोठमोठ्याने बोलत होत्या.

"हो सर, पाठवते. पाच मिनिटं द्या, हात पिठाचे आहेत."

चार मिनिटांत तक्ता आला. मी तो साहेबांना पाठवला आणि चहा प्यायला गेलो. चहा घेताना लक्षात आलं, की तिच्या आवाजात जरासुद्धा त्रासिकपणा नव्हता. तयारीच होती तिची. जत्रेच्या दिवशी, पोळ्या लाटताना, फोन हाताशी ठेवून.

ती परत आल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी मी फोन करायला नको होता. तू उचलला नसतास तरी चाललं असतं."

तिने कॉम्प्युटरवरून नजर काढली नाही. "नाही सर. नसता उचलला तर तुम्हीच म्हणाला असता, रजेवर असली की ही फोन उचलत नाही. मागे स्टोअरच्या त्या सरांबद्दल म्हणाला होतात."

म्हणालो होतो. तिच्यासमोरच.

मे महिन्यात ती पुन्हा दोन दिवस रजेवर होती, मुलाच्या शाळेच्या प्रवेशासाठी. दुपारी तीनला साहेब दारात आले. त्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला एक फाइल हवी होती, ती तिनेच तयार केलेली होती.

"तिला फोन करा."

"सर, ती रजेवर आहे."

"मग?"

"मग परवा मिळेल."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मला आज हवी आहे. ती देते का तुम्ही देताय, ते तुमचं तुम्ही बघा." आणि गेले.

मी तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. तिची फाइल ठेवायची पद्धत मला माहीत नव्हती, इतक्या वर्षांत कधी विचारलीच नव्हती. फोन केला असता तर पाच मिनिटांचं काम. मला साडेतीन तास लागले. दोनदा मी फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. मध्ये साहेब एकदा येऊन उभे राहिले आणि माझ्या बोटांकडे बघून परत गेले. पावणेसातला फाइल सापडली, मेल केली. तोवर साहेबांची गाडी गेटबाहेर पडली होती आणि कंपनीची बसही.

हायवेवर येऊन मी एसटीला हात केला. बसायला जागा नव्हती. साताऱ्यापर्यंत दांडीला धरून उभा राहिलो, आणि पाय इतके दुखत होते की मी काही बरोबर केलं की नुसता हट्ट केला, हे ठरवण्याचंही त्राण उरलं नव्हतं.